पोच घेतल्याशिवाय

अम्माला पेन्शन आहे असं मी पुण्यात कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "शिक्षिका होत्या का?" नाही. अम्मा विड्या वळायची. सोलापूरच्या पूर्व भागात, दाराशी उजेडाला बसून, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. तिचं अख्खं उमेदीचं वय असं गेलं. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे. पाळीला जाणारे, डबा नेणारे, अंगावर कापसाचं तूस घेऊन येणारे तेच, त्यामुळे घरात कामगार म्हटलं की ते. आजी तर शेजारणींना सांगायची, सून काय, घरीच असते.

वडील गेले तेव्हा त्यांच्या कष्टाची नोंद असलेला एक कागद कुठल्या कार्यालयात नव्हता. घरीच असणाऱ्या सुनेच्या खात्यावर मात्र दर महिन्याला हजार रुपये येतात.

याचं कायद्यातलं कारण साधं आहे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा वीस किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला लागतो. यंत्रमागाचे मालक एकाच छपराखाली भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावाने वेगवेगळे कारखाने दाखवायचे आणि वीसचा आकडा कधी भरतच नसे. विडी उद्योगाला हा कायदा १९७७ साली लागू झाला. त्यावर विडी उत्पादक कोर्टात गेले. बायका आपापल्या घरी, आपल्या सवडीने काम करतात, आम्ही काही त्यांच्या डोक्यावर उभे राहत नाही, मग त्या आमच्या कामगार कशा, असा त्यांचा सवाल होता. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकालात काढला. वळून आणलेली विडी तपासून ती बाद करण्याचा अधिकार मालकाकडे आहे ना, मग तीच देखरेख आणि तेच नियंत्रण, असं न्यायालयाने धरलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि अम्माला वाचून दाखवावंसं वाटलं. कारखान्याच्या शाखेत तपासणारा मूठभर विड्या 'बाद' म्हणून बाजूला काढायचा, तेव्हा अम्मा घरी येईपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्याच बाद विड्यांनी तिला कायद्याच्या नजरेत कामगार केलं होतं.

पण कायदा झाला म्हणून अम्माला पेन्शन मिळाली असं मी म्हणणार नाही. कायदा आमच्या बोळातल्या झाडून सगळ्या बायकांना लागू होता. पेन्शन थोड्याच जणींना आहे, आणि त्यातल्या बहुतेकींचे कागद एकाच बाईच्या हातचे आहेत.

तिला सगळे अक्का म्हणायचे. अजूनही म्हणतात. बोळाच्या टोकाला तिची खोली, बाहेर दोन पायऱ्या, आणि पायऱ्यांवर कायम कुणीतरी बसलेलं. अक्का स्वतः विडीवालीच. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे आमच्या बोळाच्या तेलुगूत बोलता बोलता अर्ज मराठीत लिहायची. अक्षर मोठं, गोल, ओळीवर बसलेलं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कुठल्याही युनियनची पदाधिकारी नव्हती. मोर्चाला जायची, पण पुढाऱ्यांशी तिचं पटायचं नाही. "मोर्चा निघाला की सगळ्या येतात, फॉर्म भरायचा म्हटलं की एक येत नाही," हे तिचं गाऱ्हाणं होतं. खरं तर त्या का येत नाहीत ते तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

हजार विड्या म्हणजे एक दिवस. सकाळी पानं कापण्यापासून रात्री कट्टे बांधेपर्यंत. कार्यालयात एक खेप मारायची म्हणजे हजार विड्या गेल्या, आणि साहेब जागेवर नसला तर पुन्हा हजार. वर रिक्षा, झेरॉक्स, फोटो. जे मिळणार ते कधी मिळेल याचा पत्ता नाही, जे जाणार ते मात्र आजच जाणार. सरकारी अहवालात अशा बायकांना 'जागरूकतेचा अभाव' असलेल्या म्हणतात. मला तो शब्दप्रयोग आवडत नाही. आमच्या बोळातल्या बायका चांगल्या जागरूक होत्या. त्यांचा हिशेब इतका पक्का होता की त्या हिशेबात अर्ज बसतच नव्हता.

अक्काने तो बसवला. ती पैसे घेत नसे, पण फुकटही करत नसे. तिचा नियम असा, की मी तुझा कागद लिहीन तोवर तू माझ्या विड्या वळायच्या. बाई आपलं सूप घेऊन पायरीवर यायची, अक्का आपली पानं तिच्यापुढे सारायची आणि हात धुऊन कागदाला लागायची. तंबाखूचे हात कागदाला लागलेले तिला खपत नसत. लेखणी फिरेपर्यंत शे-दीडशे विड्या होऊन जायच्या. "आणि नीट वळायच्या. शाखेतल्या माझ्या कार्डावर बाद निघाल्या तर पुढच्या वेळी फॉर्म नाही." यामुळे कुणालाच कुणाचे उपकार झाल्यासारखे वाटायचे नाहीत. लहानपणी मला हे काटेकोर वाटायचं, थोडं कंजूषपणाचंही. आता वाटतं, फुकट केलं असतं तर बायका दुसऱ्यांदा आल्या नसत्या. गरीब माणूस उपकाराला फार जपून असतो.

कार्यालयात जायचं काम ती एकत्र करायची. चार-पाच जणींचे कागद एका पिशवीत, जाणार एकच, आणि तिच्या वाट्याच्या विड्या बाकीच्या मिळून वळणार. प्रत्येक कागदाची कार्बन-प्रत, आणि प्रतीवर शिक्का. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हा तिचा पहिला धडा. जिने सोडली तिला पुन्हा पाठवलं जाई. त्या पोचपावत्या तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत घराघराप्रमाणे दोऱ्याने बांधून ठेवलेल्या असत. पुराच्या किंवा आगीच्या भीतीने बायका दागिने उचलतील, अक्का ट्रंक उचलेल, असं अम्मा म्हणायची.

माझ्या वाट्याला अक्का पहिल्यांदा आली ती मी पाचवीत असताना. पाचवीच्या आसपास आमच्याकडे मुलींचं शिक्षण हळूच थांबायचं. कुणी 'शाळा बंद' असं म्हणत नसे. मुलगी आधी विडीचं तोंड मुडपायला बसायची, मग कट्टे बांधायला, मग एक दिवस तिच्या मांडीवर तिचं स्वतःचं सूप यायचं. दहा वर्षांची पोर बसली की घरात दोन-तीनशे विड्या वाढतात. आजीचा हा हिशेबही चुकीचा नव्हता.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती होती, आजही आहे. १९७६ साली दोन कायदे झाले, एकाने विड्यांवर उपकर बसवला, दुसऱ्याने त्या पैशाचा कल्याण निधी केला. विडी कामगारांचे दवाखाने, घरांसाठी अनुदान, मुलांची शिष्यवृत्ती हे सगळं त्यातून. अर्जावर शाळेच्या मुख्याध्यापकांची सही आणि विडी कारखान्याचा दाखला लागायचा, की ही बाई आमच्याकडे निदान सहा महिने कामाला आहे. तिथेच गाडं अडायचं. दाखला द्यायचा म्हणजे ती आमची कामगार आहे हे लिहून द्यायचं, आणि लिहून दिलं की भविष्यनिर्वाह निधी आला, बोनस आला, बाळंतपणाची रजा आली. म्हणून अनेक ठिकाणी एका कार्डावर तिघी-चौघी वळायच्या. कार्ड थोरल्या जावेच्या नावाने, विड्या धाकटीच्या.

अम्माच्या विड्याही तेव्हा अशाच आत्याच्या कार्डावर जात होत्या. अक्काने आधी ते सोडवलं. शाखेत जाऊन भांडली नाही. अम्माला म्हणाली, आठवडाभर आत्याच्या कार्डावर विडी द्यायची नाही, माझ्याबरोबर यायचं आणि कार्ड मागायचं. दिलं नाही तर विड्या घेऊन परत. पानं आणि तंबाखू त्यांचाच, माल अडकून राहिलेला त्यांना परवडत नाही. ऑर्डर जोरात असण्याचे दिवस तिने बरोबर निवडले होते. अम्माला कार्ड मिळालं, तिच्या स्वतःच्या नावाचं, फोटो लावलेलं. माझ्या घरात स्त्रीच्या नावाने आलेला तो पहिला कागद. मतदार यादी सोडली तर.

शिष्यवृत्तीची रक्कम किती होती? हसू येईल इतकी. वह्या आणि एक गणवेश. पण आजीपुढे अम्माला एवढंच बोलता आलं, की पोरीची शाळा सोडली तर सरकारचे पैसे बंद होतील. आजी पैशापुढे गप्प बसायची, आणि ते पैसे दर वर्षी येत होते. रकमेपेक्षा ती सबब मोठी होती. मी दहावी झाले, पुढे कॉमर्स केलं, लेखापाल झाले, याचं खातं कुणाच्या नावे मांडायचं ठरवलं तर पहिल्या ओळीत ती सबब येईल.

मी एकदा अक्काला शाळेत शिकल्याप्रमाणे विचारलं होतं, सरकार आपल्याला हे मदत म्हणून देतं का? तिने लिहिता हात थांबवला. "मदत कसली? दर हजार विड्यांमागे कापून घेतात. तुझ्या आईने वळलेल्या विडीतला पैसा आहे, फिरून तुझ्याकडे येतोय." शेवटी शेवटी तो उपकर हजारी पाच रुपये होता. २०१७ साली जीएसटी आला आणि उपकर रद्द झाला. योजना उरल्या, पण आता अंदाजपत्रकात जेवढं घालतील तेवढ्या. अक्काला मी हे फोनवर सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे आता खरंच मदत झाली."

सर्वांत मोठं ऋण मात्र शिष्यवृत्तीचं नाही. ते अम्माच्या रागाशी जोडलेलं आहे.

माझ्या ताईचं लग्न ठरलं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी. अम्माच्या नावावर भविष्यनिर्वाह निधीत काही रक्कम साठली होती. बोळातली रीत अशी, की मोठा खर्च आला की 'हिशेब काढायचा'. कागदोपत्री काम सोडलं असं दाखवायचं, सगळा पैसा उचलायचा, आणि काही दिवसांनी नव्या नंबरवर पुन्हा त्याच शाखेत. मालकालाही सोयीचं, जुनी नोकरी तुटते. पैसा हातात येतो, बाई खूश.

नोव्हेंबर १९९५ मध्ये कर्मचारी पेन्शन योजना सुरू झाली होती. दहा वर्षं सदस्यत्व भरलं तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन. मधेच हिशेब काढून पेन्शनचेही पैसे उचलले की मागची वर्षं पुसली जातात. पैसे उचलायचा फॉर्म १० सी, पेन्शनचा १० डी. अक्काने हे कुठून समजून घेतलं मला माहीत नाही. तिने अम्माला हिशेबाचा अर्ज लिहून द्यायला साफ नकार दिला. "तुझी वर्षं भरत आलीत. लग्नासाठी त्यातला थोडा पैसा उचलता येतो, सात वर्षं झाली असली की. तो फॉर्म ३१. तो भरते. १० सी भरणार नाही."

लग्नासाठी फॉर्म ३१ वर तेव्हा स्वतःच्या वर्गणीच्या जास्तीत जास्त निम्मे पैसे मिळत. लग्नाला ते पुरणार नव्हते. अम्मा संतापली. अक्काला वाटेल ते बोलली. तुला पोरी नाहीत, तुला काय कळणार लग्न म्हणजे, इथपर्यंत. अक्काने तेही ऐकून घेतलं आणि पुन्हा तोच फॉर्म पुढे केला. उरलेले पैसे भिशीतून आणि मामाकडून आले. लग्नात अक्काला आहेर झाला नाही. पुढची दोन-तीन वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, तरी अम्माची पोच अक्काच्या ट्रंकेतच होती. ती परत मागण्याइतका राग मात्र अम्माला कधीच आला नाही.

अम्माची अठ्ठावन्न पूर्ण झाली तेव्हा वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. १० डी भरायला अम्मा स्वतः अक्काच्या पायरीवर गेली, सूप घेऊन. तिथे वेगळाच गुंता निघाला. कार्डावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, बँकेत तिसरं. आमच्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतात, आडनावाचं तेलुगू स्पेलिंग प्रत्येक कारकून आपापल्या कानाप्रमाणे लिहितो, आणि जन्मतारीख कुणालाच माहीत नसल्यामुळे शाळेत घालताना जशी सगळ्यांना एक जून देतात तशी कार्डावर जमेल ती टाकलेली. अक्काच्या ट्रंकेतल्या जुन्या प्रती इथे कामाला आल्या. १९८० च्या दशकापासून ही बाई तीच आहे हे दाखवणारी एक सलग साखळी तिच्याकडे होती, शिक्क्यांसह. शेजारच्या बोळातल्या एकीचं असंच प्रकरण नावावरून परत आलं आणि परतच राहिलं. तिच्याकडे पोच नव्हती.

पहिली पेन्शन काही शे रुपयांची होती. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन हजार रुपये झाली, ती आजही तेवढीच. अम्मा या हजारांना फार मानते. गोळ्या त्यातूनच आणते आणि माझ्या पैशातून आणायला तयार नसते. मी दरमहा पाठवते ते 'पोरीचे', हे 'माझे'. अक्कालाही पेन्शन आहे, पण तिला त्याचं कौतुक नाही. "हजारात गॅसची टाकी येते आणि चिल्लर उरते," म्हणते. किमान साडेसात हजार करा म्हणून देशभर पेन्शनरांचं आंदोलन चालू आहे, त्यांच्या धरण्याला ही बाई काठी टेकत जाऊन बसते.

अक्का आता कुंभारीला राहते. तिथे विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, गोदावरी परुळेकरांच्या नावाची. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. केंद्र, राज्य आणि कामगार असा तिघांचा वाटा होता, आणि त्यामागे कामगार पुढारी नरसय्या आडम यांची कित्येक वर्षांची चळवळ. अक्काचं पुढाऱ्यांशी पटत नसलं तरी या घरांबद्दल ती वाकडा शब्द काढत नाही. फक्त म्हणते, दहा हजार बायकांचे फॉर्म भरणाऱ्या पोरांची नावंही वसाहतीच्या कमानीवर पाहिजे होती.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजना आली तेव्हा मी सोलापुरात होते. महिन्याला दीड हजार. बोळात रोज शिबिर, नगरसेवक व्हायला निघालेल्यांचे मंडप, अंगणवाडीच्या ताई मोबाईलवर फॉर्म भरताहेत, चहा फिरतोय. पंधरा ऑगस्टच्या आतबाहेर पैसे जमाही झाले. निवडणूक समोर असली की कागद किती हलके होतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्या बायकांना पैसे मिळाले याचा मला आनंदच आहे. पण त्याच बायकांपैकी कितीजणींच्या विड्या अजून दुसरीच्या कार्डावर जातात, हे विचारणारा एकही मंडप नव्हता. अम्मा पासष्टच्या वर, म्हणून तिला ती योजना लागू नाही. तिला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट थोडा तोराच वाटला. "मला माझी आहे," असं तिने मंडपातल्या पोराला सांगितलं.

गेल्या वेळी कुंभारीला गेले तेव्हा मिठाई नेली होती, साडी नेली होती. अक्काने दोन्ही बाजूला ठेवलं. डोळे अधू झालेत, पण चौकशी तशीच धारदार. पगार विचारला, अम्माचा हयातीचा दाखला भरलास का विचारलं. भरला होता. विड्या वळून अम्माच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, म्हणून आता मोबाईलवर चेहरा दाखवून काम होतं, हे सांगितलं तर तिला ते फार आवडलं. मग एकदम म्हणाली, "तुझ्या ऑफिसात झाडायला येते ती. तिचा पीएफ कापतात का?"

मला माहीत नव्हतं. पुण्याला आल्यावर विचारलं. त्या मावशींनाही माहीत नव्हतं, पण ठेकेदाराच्या पगारपत्रकावर दर महिन्याला काहीतरी वजा होतं, हे त्यांनी बरोबर सांगितलं. डबा खाताना आम्ही त्यांचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, शोधला. निघाला. आठ वर्षांत तीन ठेकेदार बदललेत आणि तिघांनी तीन वेगळी खाती उघडलीत. ती जोडून घेतली तर दहा वर्षांना दोन कमी. आधारवर त्यांचं आडनाव सासरचं आहे, पहिल्या ठेकेदाराकडे माहेरचं. दुरुस्तीचा जॉइंट डिक्लरेशन फॉर्म भरून त्या ठेकेदाराकडे सहीला दिलाय. तो म्हणाला ठेवून जा, बघतो. मावशी उठायला लागल्या होत्या, मी त्यांना बसवून घेतलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला.